हाताने केलेली शुभेच्छापत्रे: ठसे, कागदकाम आणि टपाल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये रविवारी सकाळी माझ्याकडे शुभेच्छापत्रे करायला शिकण्यासाठी जी मंडळी येतात, त्यांत शाळकरी मुले असतात, बालवाडीच्या ताई असतात आणि निवृत्त झाल्यावर हाताला काहीतरी काम हवे म्हणून आलेले काका-मावशीही असतात. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत.

स्टॅम्प म्हणजे टपालाचे तिकीट की रबरी शिक्का?

हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास येतो, आणि तो रास्त आहे. भारताची टपाल तिकिटे पूर्वी लंडनच्या डी ला रू कंपनीत छापून येत असत. १९२६ पासून ती नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. त्यामुळे स्टॅम्प म्हटले की येथल्या अनेक घरांना आधी तिकीटच आठवते. या लेखनात मी कागदावर शाईने उमटवायच्या साधनाला ‘ठसा’ म्हणते आणि टपालाच्या स्टॅम्पला ‘तिकीट’ म्हणते. शुभेच्छापत्रासाठी दोन्ही उपयोगी पडतात, आणि दोन्हींविषयी पुढे लिहिले आहे.

सुरुवात करायला किती सामान लागते?

फार थोडे. एक धारदार कटर, स्टीलची फूटपट्टी, रिफिल संपलेले बॉलपेन, एक काळे स्टॅम्प पॅड, पांढरे खोडरबर आणि जाड कागद एवढ्यावर पहिली दहा कार्डे सहज होतात. बाजारात मिळणारे तयार संच, चमकीच्या बाटल्या आणि चिकटवायची फुले आधीच आणली, तर हात त्यांच्याकडेच वळतो आणि कार्डावर आपले असे काही उरत नाही, असा माझा अनुभव आहे. कटिंग मॅट नंतर घेतली तरी चालेल. तोवर जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा खाली ठेवावा, मात्र त्यावर चिरा पडल्या की तो बदलावा, कारण कटरचे पाते जुन्या चिरेत घुसून रेघ वाकडी जाते.

कागद कोणता घ्यावा आणि किती जाड?

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो आणि त्याचे कार्ड उभे राहत नाही. कार्डाच्या मुख्य भागासाठी २२० ते ३०० जीएसएमचा कागद घ्यावा, वर चिकटवायच्या थरांसाठी १२० ते १६० पुरेसा होतो, आणि पाकिटाला १०० च्या आसपासचा कागद सर्वांत बरा, कारण त्याहून जाड कागदाची पाकिटाची घडी नीट बसत नाही.

स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट बहुधा २२ बाय २८ इंचांच्या मोठ्या तावात मिळते, आणि हा ताव घेणे किफायतशीर पडते. घडी घातल्यावर ५ बाय ७ इंचांचे होणारे कार्ड करायचे असेल तर उघडा तुकडा ७ बाय १० इंचांचा लागतो. तावाच्या २८ इंचांच्या बाजूला ७ इंचांचे चार तुकडे आणि २२ इंचांच्या बाजूला १० इंचांचे दोन, असे एका तावात बरोबर आठ तुकडे बसतात आणि २ इंच रुंद, २८ इंच लांब अशी एक पट्टी उरते. ती टाकून देऊ नये; तिच्यावर ठसे आजमावून पाहता येतात आणि भेटवस्तूंच्या चिठ्ठ्याही होतात. दुकानदाराला सांगितल्यास तो मशिनवर ताव कापून देतो, आणि मशिनवरच्या कापाइतका सरळ काप घरी क्वचितच येतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यांत चांगल्या जाड कागदाच्या कापून उरलेल्या पट्ट्या असतात. आदबीने विचारल्यास मेन रोड आणि रविवार कारंजा परिसरातले लोक त्या देतातही.

हातकागद वापरायचा असेल तर तो अवश्य वापरावा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद अनेकांना ठाऊक आहे, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही हाताने कागद करण्याची जुनी परंपरा आहे. मात्र अशा कागदाचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे बारीक रेषांचा ठसा त्यावर तुटक उमटतो. त्यावर ठळक, भरीव आकार उमटवावेत आणि नाजूक अक्षरांसाठी गुळगुळीत कागदाचा तुकडा वरून चिकटवावा.

घडीवर कागद का फाटतो?

दोन कारणे असतात. पहिले म्हणजे तंतूंची दिशा. यंत्रावर तयार झालेल्या कागदाचे तंतू एका दिशेला लागलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते, आडवी घडी घातली तर कागद कडेला फुटतो आणि पांढरे रोम दिसू लागतात. तुकडा न मोडता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहावा. ज्या बाजूला तो सहज वाकतो, ती घडीची बाजू. वर सांगितलेल्या आठही तुकड्यांच्या घड्या तावाच्या २८ इंचांच्या बाजूला समांतर पडतात, तेव्हा ताव विकत घेतानाच तो कोणत्या बाजूला सहज वाकतो ते पाहून घ्यावे.

दुसरे कारण म्हणजे जाड कागद रेघ न दाबता थेट दुमडणे. पट्टी लावून, संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी रेघ दाबावी, आणि मग दुमडताना मागच्या बाजूला आलेला बारीक उंचवटा घडीच्या आत राहील असे पाहावे. पुष्कळ जण नेमके उलट करतात. शेवटी घडीवर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीने दाब द्यावा. कागद न ठेवता घासले तर घडीवर चकाकी येते आणि ती जात नाही.

घरी ठसा कसा कोरावा?

सुरुवात पांढऱ्या मऊ खोडरबराने करावी. चित्र आधी बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने काढावे, तो कागद पालथा करून खोडरबरावर ठेवावा आणि मागून नखाने किंवा चमच्याने घासावे. पेन्सिलीचे चित्र खोडरबरावर उलटे उतरते, आणि ठसा उमटल्यावर ते पुन्हा सुलटे होते. आरशात पाहून उलटे काढण्याचा खटाटोप करावा लागत नाही.

कोरताना पाते नेहमी अंगापासून दूर न्यावे आणि वळणावर हात न वळवता खोडरबर फिरवावे. गोलाई आपोआप सुबक येते. आणखी एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही: रेषेच्या कडेचा काप रेषेच्या खाली आत जाऊ देऊ नये, तो बाहेरच्या बाजूला उतरता असावा. भिंतीचा पाया वरपेक्षा रुंद असतो तसा. आत कोरलेली रेषा चार-पाच वेळा दाबल्यावर लवते आणि तुटते. लिनो कोरण्याची इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘यू’ आकारांची पाती मिळाली तर काम सोपे होते. दहा-बारा वर्षांच्या आतील मुलांच्या हाती कटर देऊ नये; त्यांच्यासाठी पुढे सांगितलेले भाज्यांचे ठसे उत्तम.

तयार ठसे कागदात गुंडाळून ठेवावेत. पांढरी खोडरबरे प्लॅस्टिकच्या डबीत तशीच ठेवली तर ती डबीला चिकटून दोन्हींचा पृष्ठभाग खराब होतो. माझे पहिले सहा ठसे याच चुकीपायी गेले, आणि त्यातला चाफा मला पुन्हा तसा कधी कोरता आला नाही.

देवनागरी अक्षरांचे ठसे नीट का बसत नाहीत?

रोमन अक्षरांचे सुटे ठसे एकापुढे एक ठेवले की शब्द होतो. आपल्या लिपीत तसे होत नाही, कारण शिरोरेषा अखंड हवी, मात्रा वर जाते, उकार खाली येतो आणि जोडाक्षराचा आकार वेगळाच असतो. ‘शुभेच्छा’ हा एकच शब्द घेतला तरी त्यात उकार, मात्रा, जोडाक्षर आणि काना असे सगळे येते. सुट्या अक्षरांनी तो उमटवला तर शिरोरेषेत फटी पडतात आणि एक अक्षर वर, एक खाली दिसते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे पूर्ण शब्दाचा एकच ठसा कोरणे. ‘शुभेच्छा’, ‘अभिनंदन’, ‘सप्रेम’, ‘आशीर्वाद’ एवढे चार शब्द कोरून ठेवले तर वर्षभराची बहुतेक कार्डे निभावतात. दुसरा उपाय असा, की सुटी अक्षरे शिरोरेषेविना कोरावीत, पट्टीच्या आधाराने ओळीत उमटवावीत आणि शिरोरेषा नंतर पेनने एका हातात ओढावी. हाताने ओढलेली ती रेघ किंचित थरथरली तरी चांगली दिसते. मला दुसरा उपाय अधिक आवडतो, कारण त्यात ज्याला कार्ड द्यायचे त्याचे नाव घालता येते, आणि नाव घातलेले कार्ड माणूस जपून ठेवतो.

ठसा कधी पुसट तर कधी डागाळलेला उमटतो. काय चुकते?

बहुतेक वेळा शाई जास्त होते. पॅड पालथे करून ठशावर हलके टिपावे. ठसा पॅडवर दाबला तर शाई खोलगट भागात शिरते आणि मग ती कडेने उमटते. कार्डाखाली वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद ठेवावेत, म्हणजे थोडी गादी मिळते. ठसा सरळ ठेवून, न हलवता, सर्व बाजूंना सारखा दाब द्यावा आणि सरळ वर उचलावा. डुलवून दाबण्याची सवय कचेरीतल्या शिक्क्यांमुळे लागते, आणि कार्डावर ती दुहेरी कडा उमटवते.

शाईचेही प्रकार असतात. कचेरीच्या जांभळ्या पॅडची शाई कागदात शोषली जाते, चकचकीत कागदावर मात्र ती कितीतरी वेळ ओली राहते. पिगमेंटची शाई दाट असते, हळू वाळते आणि गडद कागदावरही दिसते. काम संपल्यावर ठसा ओल्या फडक्याने पुसावा. थिनर वापरू नये.

भाज्यांचे ठसे कार्डावर चांगले दिसतात का?

फार चांगले दिसतात. भेंडी आडवी चिरली की तिच्या कप्प्यांचे फूल उमटते, आणि बटाट्यावर हवा तो आकार कोरता येतो. लासलगावचा कांदा आपल्याकडे कधी कमी पडत नाही. तो आडवा चिरला की एकात एक वलये मिळतात, आणि गोदावरीच्या पाण्यावरचे तरंग दाखवायला मला त्याहून सोपे काही सापडलेले नाही. मात्र चिरलेली भाजी अर्धा तास फडक्यावर पालथी ठेवून तिचा ओलावा जाऊ द्यावा, नाहीतर रस आणि शाई मिसळून कागदाला फुगवटे येतात. स्टॅम्प पॅडऐवजी दाट पोस्टर रंग स्पंजने लावावा. द्राक्षाच्या पानाच्या मागच्या बाजूला शिरा उठावदार असतात. तिकडे रंग लावून पान कार्डावर ठेवावे आणि वरून कागद ठेवून दाबावे. बागेतून आणलेले पान आधी नीट धुवावे, कारण द्राक्षांवर फवारणी होत असते.

शाईविना उठावाचे काम म्हणजे काय?

कागदाखाली आकार ठेवून वरून दाब दिला की तो आकार उंच उठतो. रंग मुळीच लागत नाही, प्रकाश आणि सावली एवढेच दिसते. या कामाचा एक सुंदर दाखला आपल्या उपखंडातल्या टपालाच्या इतिहासात आहे. १८५२ साली सिंधचे तेव्हाचे आयुक्त बार्टल फ्रियर यांच्या पुढाकाराने सिंधमध्ये निघालेली ‘सिंध डाक’ ही आशियातील पहिली चिकटवायची तिकिटे अशाच उठावाची होती. त्यातले लाल तिकीट लाखेसारख्या ठिसूळ पदार्थाचे असल्याने तडकत असे, आणि पांढरे तिकीट तर पांढऱ्या कागदावर नुसत्या उठावाचे होते, ते कमी उजेडात नीट दिसत नसे. यातून आपल्याला शिकण्यासारखे हेच, की रंगहीन उठाव मोठ्या, ठळक आकारांसाठी राखून ठेवावा.

घरी करायचे असल्यास जाड पुठ्ठ्यात आकार कापून तो खिडकीच्या काचेवर चिकटवावा, त्यावर कार्डाचा कागद पालथा धरावा आणि उजेडात दिसणाऱ्या कडेने संपलेले बॉलपेन फिरवावे. उष्णतेने फुगणारी पावडर हा वेगळा प्रकार आहे. ती ओल्या पिगमेंट शाईवर भुरभुरवून हीट गनने वितळवतात. केसांच्या ड्रायरने ते होत नाही, कारण त्याची हवा पुरेशी गरम होण्याआधीच पावडर उडवून लावते.

वापरलेली टपाल तिकिटे कार्डावर लावावीत का?

जरूर लावावीत. पाकिटावरून तिकीट ओरबाडू नये; भोवती एक सेंटिमीटर कागद सोडून ते कापावे, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावे आणि सुटले की टिपकागदावर पालथे वाळवावे. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या भांड्यात भिजवावा, कारण त्याचा रंग सुटून बाकीची तिकिटे डागाळतात. एखादे तिकीट दुर्मीळ वाटले तर ते चिकटवण्याआधी जाणकाराला दाखवावे. आणि वापरलेले तिकीट कार्डाच्या आत किंवा दर्शनी भागावरच लावावे. पाकिटावर ते लावून टपालखर्च वाचवणे हा गुन्हा आहे, आणि सजावट म्हणूनही तेथे लावल्यास गैरसमज होतो.

चिकटवल्यावर कागद सुरकुततो. कोणता गोंद वापरावा?

फेविकॉलमध्ये पाणी असते, त्यामुळे तो पातळ कागदावर पसरून लावला की कागद फुगतो. त्याचे बारीक ठिपके द्यावेत आणि वर वजन ठेवून वाळवावे. मोठ्या सपाट थरांसाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा ग्लू स्टिक बरी पडते. क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या, ३ किंवा ५ मिलिमीटरच्या कागदी पट्ट्यांना मात्र फेविकॉलच लागतो, तोही सुईच्या टोकावर येईल एवढाच.

उघडल्यावर उभे राहणारे चित्र कार्डात कसे बसवावे?

सर्वांत सोपी रीत म्हणजे दुमडलेल्या कागदाला घडीकडून दोन समांतर चिरा देणे आणि मधली पट्टी आतल्या बाजूला ढकलणे. उघडताना ती पेटीसारखी पुढे येते आणि तिच्या दर्शनी भागावर चित्र चिकटवता येते. येथे एक हिशेब सांभाळावा लागतो: कार्ड मिटल्यावर पेटीची कड घडीपासून चिरेच्या दुप्पट अंतरावर जाते. म्हणजे ५ इंच रुंद कार्डात चिरा अडीच इंचांहून कमीच हव्यात, आणि मी दोन इंचांच्या पुढे जात नाही. चित्र पेटीच्या वर डोकावत असेल तर त्याच्यासाठीही जागा सोडावी, नाहीतर मिटलेल्या कार्डातून ते बाहेर दिसते. चिरा दिलेला कागद आतला ठेवावा आणि बाहेरून दुसरे कार्ड चिकटवावे, म्हणजे मागचे भोक झाकले जाते.

नाशिकचे वाटेल असे कार्ड करायचे आहे. काही कल्पना?

रामकुंड आणि द्राक्षांचा घोस यांपाशीच पुष्कळ जण थांबतात. मी त्रिरश्मी लेण्यांकडे बोट दाखवीन. तेथल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची कमान कार्डात खिडकी म्हणून कापली, की आतला मजकूर तिच्यातून दिसतो; कार्ड उघडणे म्हणजे लेण्यात पाऊल टाकणे होते. येवल्याच्या पैठणीचा नारळी काठ किंवा मुनिया, म्हणजे छोट्या पोपटाची नक्षी, एकाच छोट्या ठशाने ओळीने उमटवता येतो. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जुने हौद, उघडतात. रहाडीत उडी घेणारा माणूस आणि उसळलेले पाणी हा वर सांगितलेल्या पेटीच्या रीतीला अगदी जुळणारा विषय आहे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी नुसत्या एका अक्षराचे, मोठ्या ‘ळ’चे किंवा ‘ज्ञ’चे कार्ड मुलांकडून करून घ्यावे. दसऱ्याला आपट्याच्या पानाचा आकार तर तयारच असतो: दुमडलेले कार्ड मधोमध घडी असलेल्या त्या पानासारखेच उघडते.

आत काय लिहावे?

ठसा उमटवला म्हणून मजकूर संपत नाही. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’, लहानांना ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, बरोबरीच्यांना ‘सप्रेम नमस्कार’ हे जुने मायने आजही कार्डावर शोभतात. त्यानंतर दोन ओळी त्या माणसाशीच संबंधित असाव्यात: तुमच्या घरी खाल्लेली पुरणपोळी, तुम्ही शिकवलेले गणित, गेल्या पावसात दिलेली छत्री. संक्रांतीला ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे लिहून पत्रातून हलव्याचे दोन दाणे पाठवण्याची पद्धत अनेक घरांत होती; ती मला फार प्रिय आहे. दाणे छोट्या कागदी पुडीत घट्ट बंद करून घडीपाशी चिकटवावेत.

पावसाळ्यात काम बंद ठेवावे का?

बंद नको, पण जपून करावे. कागद आडवा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा, शाई वाळायला दुप्पट वेळ द्यावा आणि कार्डे एकावर एक रचताना मध्ये साधा कागद घालावा. एका आषाढात लग्नासाठी केलेली चाळीस कार्डे मी घाईने रचून ठेवली आणि सकाळी प्रत्येकाच्या पाठीवर शेजारच्या कार्डाची उलटी नक्षी उमटलेली होती.

टपालाने पाठवताना काय पाहावे?

पत्राचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने आकारला जातो, म्हणून वजन आधी मनात धरावे. २५० जीएसएमच्या कागदाचा ७ बाय १० इंचांचा तुकडा सुमारे ११ ग्रॅम भरतो आणि पाकीट साधारण पाच-सहा ग्रॅम. म्हणजे सजावटीसाठी तीन-चार ग्रॅमच उरतात, आणि एक जाड थर चढवला की पुढचा टप्पा लागतो. पाकीट कार्डाहून प्रत्येक बाजूला तीन ते पाच मिलिमीटर मोठे असावे. मणी, बटणे यांसारखे उंच सामान शिक्क्याच्या यंत्राखाली चिरडते, तेव्हा असे कार्ड टपाल कार्यालयाच्या खिडकीवर देऊन हाताने शिक्का मारण्याची विनंती करावी. परदेशी जाणाऱ्या कार्डावर बिया किंवा सुकी पाने लावू नयेत, कारण अनेक देशांत वनस्पतिजन्य वस्तूंवर निर्बंध आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे पोहोच हवी असेल तर स्पीड पोस्टच करावे.

पाकिटावर पत्ता शाईच्या पेनने लिहू नये, बॉलपेनने लिहावा. एक थेंब पाणी पडले तरी पिनकोड वाचता आला पाहिजे. पाठवणाऱ्याचा पत्ता मागे जरूर लिहावा. घर बदललेल्या मावशीला पाठवलेले माझे एक कार्ड त्या पत्त्यामुळेच तीन आठवड्यांनी परत हाती आले, आणि मग ते मी स्वतः नेऊन दिले.